चौदा सेकंदांचा गुलाल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, वय २६. मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात. चार वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. बरोबरचे लागले, काहींची लग्नं झाली. रात्री इन्स्टा उघडतो आणि दीड-दीड वाजेपर्यंत इतरांचं बघत बसतो. नंतर स्वतःचीच किळस येते. मी कुचकामी आहे असं वाटतं, कधी कधी गायब व्हावंसं वाटतं. अकाउंट डिलीट केलं तर फरक पडेल का?"

डिलीटचं नंतर बोलू. आधी ते "गायब व्हावंसं वाटतं" घेते. कुणाला न सांगता चार दिवस कुठंतरी निघून जावं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. जगूच नये असाही असू शकतो. तू माझ्यासमोर बसला असतास तर मी सरळ विचारलं असतं, "जीव द्यायचा विचार येतो का? कधीपासून? काही ठरवलंयस का?" असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट इतक्या वर्षांत बहुतेकांनी या प्रश्नावर सुस्काराच सोडलेला पाहिलाय. तुझं उत्तर "हो" असेल तर पुढचं वाचायचं आत्ता ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. ती टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आणि खोलीतल्या एकाला तरी आज सांग. रात्र एकट्यानं काढू नकोस.

आता डिलीटचं. केलंस तर आठवडाभर बरं वाटेल. दहाव्या दिवशी मित्राच्या फोनवरून त्याच लोकांची प्रोफाइलं बघशील आणि त्यात "मला एवढंसुद्धा जमलं नाही" याची भर पडेल. मी हे इतक्यांदा पाहिलंय की डिलीटचा सल्ला मी पहिल्या भेटीत देतच नाही. शिवाय तुझ्या नोट्स, चालू घडामोडींच्या पीडीएफ, टेस्ट सिरीजचे ग्रुप सगळं टेलिग्रामवर. फोन फेकून देऊन तुला परीक्षा देता येणार नाही.

पुण्यात नवी पेठेच्या अलीकडं मी २१ वर्षं समुपदेशन करतेय, त्यामुळे अभ्यासिकेतली मुलं पहिल्यापासून माझ्याकडं येतात. निकालाचं दुःख पूर्वीही होतंच. पण तेव्हा ते चार दिवस कडकडून यायचं आणि मग ओसरायचं. ज्याचं झालं त्याचा फोटो पेपरात यायचा, चौकात फ्लेक्स लागायचा. फ्लेक्स गावात आणि तू पुण्यात, त्यामुळे मधे तेवढं अंतर राहायचं. आता फ्लेक्स खिशातच लागतो आणि तो उतरवायला नगरपालिकेची गाडी येत नाही.

एका मुलाला मी म्हटलं होतं, जे रील तू पुन्हा पुन्हा बघतोस तेच मला दाखव. (इथल्या सगळ्या हकिकतींत ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्यानं खूप आढेवेढे घेतले, मग फोन पुढं केला. चौदा सेकंदांचं रील. उघडी जीप, गुलाल, हार, डीजे. मी आवाज बंद करायला लावला आणि विचारलं, यात नेमकं कुठं टोचतं? पहिल्यांदा म्हणाला, सगळंच. दुसऱ्यांदा म्हणाला, हार. तिसऱ्यांदा त्यानं बोटानं स्क्रीन थांबवली. जीपच्या मागं जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत दिसत होती, निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव. "माझी शाळा आहे ही. हा मागच्या बाकावर बसायचा मॅडम. गणिताला माझी वही बघायचा."

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्यातली दोन सूत्रं तुझ्या कामाची आहेत. आपण कितपत आहोत हे मोजायला बाहेर पक्की पट्टी नसली की माणूस दुसऱ्या माणसांशी स्वतःला ताडून बघतो. आणि त्यासाठी तो आपल्यासारख्यांनाच निवडतो. अंबानींच्या घरचं लग्न बघून तुला कुचकामी वाटलं नसेल. मागच्या बाकावरचा मुलगा जीपमध्ये उभा राहिला की वाटतं, कारण जिल्हा तोच, शाळा तीच, बापाचं शिवारही बहुधा तेवढंच. आता तुझं चार वर्षांचं आयुष्य बघ. नोकरीत असतास तर दर महिन्याला पगार झाला असता, कुणी शाबासकी दिली असती, कुणी झापलं असतं. इथं वर्षातून एकदा निकाल, तोही लागला तर. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढं ढकलली तेव्हा पुण्याचा शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला होता. ती तारखेवरची चिडचिड होतीच, पण आपण कुठं आहोत हे कळायचा एकुलता एक दिवस हातातून जातोय याचाही तो संताप होता. पट्टी अशी वर्षभर गायब असली की माणूस मिळेल त्यानं मोजतो. रात्री साडेदहाला मेसमधून परत आल्यावर हाताशी काय असतं? इन्स्टा.

तिथं दिसतं तेही अपुरंच. राज्यसेवेला अर्ज लाखांत आणि जागा शेकड्यांत. समज तुझ्या अभ्यासिकेत ऐंशी खुर्च्या आहेत आणि त्यातल्या दोघांचं रील आलं. उरलेले अठ्ठ्याहत्तर त्या रात्री काय करतात? तेच रील बघतात. आणि प्रत्येकाला वाटतं, खोलीत मागं राहिलेला मी एकटाच.

दीड वाजेपर्यंत का थांबता येत नाही, याबद्दल स्वतःला शिव्या देणं थोडं कमी कर. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं पान कधी संपूच नये अशी रचना केली. पुढं त्याचा आपल्याला पस्तावा होतो असं त्यानंच जाहीरपणे सांगितलं. पंगतीत वाढपी थांबलाच नाही आणि ताट कधी रिकामं झालंच नाही, तर पोट भरल्याचं आपल्याला फार उशिरा कळतं. दुसरी गोष्ट गळाची. गळ टाकल्यावर दर दहा मिनिटांनी मासा लागत असता तर माणूस दोन मासे घेऊन घरी गेला असता. कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणून तो अंधार पडेपर्यंत काठावर बसतो. अनियमित बक्षिसावर जडलेली सवय सगळ्यात चिवट असते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवलं होतं. तुझ्या फीडमध्ये मासे दोन जातींचे आहेत. कधी हसू येणारं, कधी जिव्हारी लागणारं. आणि जिव्हारी लागणाऱ्यावर तू जास्त वेळ थांबतोस म्हणून तसलंच आणखी येत राहतं. तू दुःखी आहेस की खूश, हे यंत्र बघत नाही. तू किती थांबलास एवढंच बघतं.

तरी स्वतःला "ॲडिक्ट" म्हणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. पण शिक्का लावला की माणूस शिक्क्याप्रमाणे वागायला लागतो.

संशोधनाबद्दल एक खरं सांगून टाकते, कारण पेपरातल्या मथळ्यांवरून वाटतं तेवढं ते सरळ नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी लाखो किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. स्क्रीनच्या वापराचा आणि मानसिक स्वास्थ्याचा संबंध त्यांना फार क्षीण सापडला, मुलामुलांच्या स्वास्थ्यातल्या फरकापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याच्या आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. काहींनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणलं, आणि तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी मोजण्याइतकी कमी झाली. मग खरं कुणाचं? दोघांचंही. तालुक्याचा सरासरी पाऊस कागदावर ठीक दिसतो आणि त्यातल्या एका महसूल मंडळात पीक जळून गेलेलं असतं. मला भेटतात ते त्या मंडळातले. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदांत हेच दिसलं होतं. आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी सुमारे तिघींत एकीला इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटत होतं. आधीची जखम महत्त्वाची. तुझ्या बाबतीत ती जखम शरीराची नाही, दोनदा हुकलेल्या निकालाची आहे.

कुठलं आधी आलं, तेही बघायला हवं. कधी स्क्रोलिंगनं मन खचतं, कधी आधीच खचलेलं मन स्क्रोल करत बसतं. झोप, भूक, अभ्यासात लक्ष, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखव, औषध लागलं तर घे. आणि साध्या डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घे. चार वर्षं मेसचा डबा खाणाऱ्या मुलांत हे कमी निघालेलं मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्याच भेटीत चिठ्ठी लिहून देते.

आता "कुचकामी" या शब्दाकडं येते. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे, इन्स्टा त्याच्यावर फक्त पाणी घालतंय.

आमच्या क्षेत्रात अल्बर्ट एलिस नावाचा एक फटकळ माणूस होऊन गेला. मराठीत त्याची विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांनी आयुष्यभर शिकवली, लिहिली. एलिसचं म्हणणं बहुतेकांना पहिल्यांदा विचित्र वाटतं. तो म्हणतो, स्वतःला चांगले गुण देऊच नका. वाईटही देऊ नका. कृतीला द्या, उत्तरपत्रिकेला द्या, तयारीला द्या. अख्ख्या माणसाला आकडा देता येत नाही. हे मुलांना समजवायला मी बरेच दाखले वापरले, शेवटी एका शेतकऱ्याच्या मुलानंच मला चांगला दाखला दिला. आठ-अ चा. तुमच्या खाते उताऱ्यावर एका खातेदाराचे सगळे गट, म्हणजे जमिनीचे तुकडे असतात. एक ओढ्याकाठचा, एक माळावरचा, एखादा वाटणीत आलेला अर्धा एकर. माळावरच्या गटात यंदा काही उगवलं नाही, तर तलाठी खातेदाराच्या नावापुढं "नापीक" लिहीत नाही. तुझा परीक्षेचा गट दोन वर्षं पिकला नाही. नुकसान झालंय, ते लहान नाही, आणि "काही बिघडत नाही रे" असं मी तुला म्हणणार नाही. चार वर्षं गेलीत, वडिलांचे पैसे गेलेत. पण तू उताऱ्यावरचा एक गट बघून खातेदाराचा निकाल लावतोयस.

"मग पास झालो की हे आपोआप जाईल ना?" हे सगळेच विचारतात. एक मुलगा फौजदार झाला. जीप, गुलाल, सगळं झालं. आठ महिन्यांनी तो माझ्याकडं परत आला. निकालाच्या फोटोवर तीन हजार लाइक आले होते, वर्दीतल्या पहिल्या फोटोवर त्याहून जास्त. नंतरच्यांवर कमी कमी होत गेले. ट्रेनिंगमध्ये थकून आल्यावर तो आकडे बघायचा आणि म्हणायचा, लोक विसरले. त्याच्याकडं सगळं होतं, फक्त प्रगतिपुस्तक अजून दुसऱ्यांच्या हातात होतं. त्याच्याही आधीची गोष्ट. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. तेव्हा लॉकडाऊन होता, मी फोनवरच बोलायचे. साताऱ्याकडचा एक पोरगा होता, बैलांबरोबर विनोदी व्हिडिओ करायचा, ऐंशी हजार फॉलोअर. "मॅडम, काल मी कुणीतरी होतो," एवढं बोलून तो बराच वेळ गप्प बसला. एका सरकारी आदेशानं रातोरात जाऊ शकणारी गोष्ट त्यानं स्वतःची किंमत म्हणून धरून ठेवली होती. (त्यानं पुढं गाई घेतल्या, दुधाचा धंदा बरा चाललाय. अधूनमधून यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो, बघणारे शंभर-दीडशे. त्याला चालतं म्हणतो.)

करायचं काय? शंभर पानी साधी वही घे. पंधरा दिवस इन्स्टा सोडायचं नाही, फक्त बंद केलं की एक ओळ लिहायची: किती वाजता उघडलं, उघडण्याआधी काय झालं होतं, कोणाचं बघितलं, बंद केल्यावर डोक्यात नेमकं कुठलं वाक्य होतं. एका मुलीच्या वहीतली ओळ तिच्या परवानगीनं देते: "९.४०. आईचा फोन, मावशीच्या मुलीचं ठरलं म्हणाली. मावसबहिणीचं, मग तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, मग त्याच्या वहिनीचं प्रोफाइल. १०.५५. वाक्य: माझं काहीच ठरत नाही." पंधरा दिवसांनी तिला स्वतःलाच दिसलं की बारापैकी नऊ वेळा ती घरच्या फोननंतर इन्स्टात शिरली होती. मग आम्ही फोनवर काम केलं. आईला तिनं सांगितलं, लग्नाचं रविवारी बोलू, एरवी गाईचं, पावसाचं सांग. इन्स्टाचा वेळ आपोआप निम्म्यावर आला. तुझ्या वहीत काय निघेल ते मला इथून सांगता येणार नाही. अभ्यासात अडल्यावर उघडत असशील तर औषध वेगळं, खोलीत एकटा असताना उघडत असशील तर वेगळं.

वाक्य सापडलं की त्याच्याशी भांडायचं. "मी पास झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हे वाक्य निघालं तर त्याच्याखाली हाताने लिही: "मला पास व्हायची फार इच्छा आहे. नाही झालो तर मोठं नुकसान होईल, दुसरी वाट काढावी लागेल, आणि ती काढणारा मीच असेन." पहिले काही दिवस हे पाठ केल्यासारखं खोटं वाटतं. वाटू दे.

वहीचे पंधरा दिवस झाले की बाकीचं यंत्रतंत्र. जे टोचतात त्यांना अनफॉलो करू नकोस, गावाकडं त्याचा मानापमान होतो. म्यूट कर, त्यांना कळत नाही. व्हॉट्सॲपचे स्टेटसही म्यूट होतात. लाइकचे आकडे लपवायची सोय इन्स्टाग्रामनं २०२१ मध्ये दिलीय, ती चालू कर. कॉट बेसिसवर सहाजण राहत असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं शक्य नाही हे मला माहितीय. पण गजर फोनचा असतो म्हणून तो उशाशी येतो, तेव्हा साधं गजराचं घड्याळ आण आणि फोन दाराजवळच्या प्लगला लाव. इन्स्टा रोज अर्धा तास, जेवणानंतर, बसून. आडवं होऊन बघायचं नाही. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवतील, चिडचिड होईल. त्या वेळात करायला काहीतरी आधीच ठरवून ठेव, नाहीतर हात परत तिकडंच जाईल. मुलं बहुतेक वेळा चालायला जातात.

एकट्याला जड जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाइल बंद करतं. त्यातलं मला आवडलं ते हे, की बंद सगळ्यांचं होतं, त्यामुळे आपलं काही हुकतंय असं कुणाला वाटत नाही. तुमच्या खोलीत सहाजण आहात. अकरा ते सहा सगळ्यांचे फोन एका डब्यात, एवढं ठरवून बघा. दोघं नाही म्हणतील. चौघांनी करा.

निकालाचा दिवस मात्र वेगळा धर आणि त्याची तयारी आधी कर. त्या दिवशी सकाळी फोनमधून इन्स्टा काढून टाक, तीन दिवसांसाठी. काढायला मी हरकत घेते ती कायमचं काढण्याला. आपला नंबर अभ्यासिकेतल्या संगणकावर, आयोगाच्या यादीत बघ. शेजारी एकजण असू दे. काय दिसलं ते घरी तूच फोन करून सांग, स्टेटसवरून त्यांना कळायला नको. लागला नसशील तर दुपारचं जेवण चुकवू नकोस, आणि संध्याकाळी अशा एखाद्याला गाठ ज्याचाही नंबर नव्हता. शोधायला लांब जावं लागणार नाही. बहुतेक तो शेजारच्याच कॉटवर, तोंडावर पांघरूण घेऊन, तेच रील बघत पडलेला असेल.